घरात गंभीर आजार असताना हसायचं की नाही? विनोद कधी आधार देतो आणि कधी टोचतो

घरात कुणाला गंभीर आजार झाल्याचं कळलं की सगळ्यात आधी घराचा आवाज बदलतो. टीव्ही बारीक होतो. फोनवर बोलायला माणसं गॅलरीत जातात. रिपोर्टची फाईल कपाटाच्या वरच्या कप्प्यात सरकते आणि स्वयंपाकघरातली कुजबुज वाढते. मग आठवडाभराने कधीतरी जेवताना कुणीतरी काहीतरी बोलून जातं, सगळे खळखळून हसतात आणि दुसऱ्याच क्षणी एकदम गप्प होतात. अशा घरात आपण हसलो कसे, हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसतो.

खरंतर यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कॅन्सर, पार्किन्सन्स, डायलिसिस, अर्धांगवायू, डिमेन्शिया हे काही चार दिवसांचे पाहुणे नव्हेत. घर त्यांच्यासोबत महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षं जगतं. इतका काळ कुणीही चेहरा पाडून बसू शकत नाही. हसू येणारच. फक्त ते कुणाचं, कशावर आणि कुणासमोर, यावर बरंच काही ठरतं.

हसण्याने आजार बरा होतो का?

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'हसा आणि कॅन्सर पळवा' छापाच्या मेसेजचं मूळ शोधत गेलं की एका माणसाचं नाव हमखास सापडतं. नॉर्मन कझिन्स. हे 'सॅटरडे रिव्ह्यू' या अमेरिकन साप्ताहिकाचे संपादक. १९६४ मध्ये सोव्हिएत युनियनचा दौरा करून परतल्यावर त्यांचं अंग इतकं आखडलं की हालचाल करणं अवघड झालं. मणक्याचे सांधे जखडून टाकणारा अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस असल्याचं निदान झालं. पूर्ण बरं होण्याची शक्यता पाचशेत एक, असं एका तज्ज्ञाने सांगितलं.

कझिन्स यांनी डॉक्टरांना विश्वासात घेऊन एक वेगळाच प्रयोग केला. प्रोजेक्टर मागवला, मार्क्स ब्रदर्सचे विनोदी सिनेमे आणि 'कँडिड कॅमेरा' या टीव्ही शोचे भाग लावले. नर्स त्यांना विनोदी पुस्तकं वाचून दाखवायची. दहा मिनिटं पोट धरून हसल्यावर दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असं त्यांनी नंतर लिहिलं. त्यांच्या हसण्याचा शेजारच्या पेशंटना त्रास व्हायला लागला. हॉस्पिटलचं वातावरणही त्यांना नकोसं झालं होतं. मग ते हॉटेलात राहायला गेले. तिथला खर्च हॉस्पिटलच्या एक तृतीयांश होता, हेही त्यांनी आवर्जून नोंदवलंय.

१९७६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्यांचा हा अनुभव छापून आला, १९७९ मध्ये 'अॅनाटॉमी ऑफ अॅन इलनेस' हे पुस्तक आलं आणि 'हसून बरा झालेला माणूस' ही त्यांची ओळख कायमची झाली.

पण मेसेजमध्ये सहसा न येणारा भाग असा की त्याच काळात कझिन्स शिरेतून 'क' जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होते. तो आजार नेमका तोच होता का, यावर नंतर डॉक्टरांनी शंका घेतल्या. मुख्य म्हणजे ही एकाच माणसाची गोष्ट आहे. उपचार बाजूला ठेवून हसत बसा, असं आपण कधीच म्हटलेलं नाही, हे खुद्द कझिन्स यांनाही पुढे पुन्हापुन्हा सांगावं लागलं.

मग विज्ञान काय म्हणतं? फिनलंडमधल्या तुर्कू शहरात संशोधकांनी २०१७ मध्ये १२ पुरुषांच्या मेंदूचे पेट स्कॅन केले. मित्रांसोबत बसून हसल्यावर त्यांच्या मेंदूत एंडॉर्फिनसारखी वेदना कमी करणारी नैसर्गिक रसायनं स्रवल्याचं दिसलं. प्रयोग छोटा आहे. त्यावरून एवढंच म्हणता येतं की हसण्याने काही काळ दुखणं सुसह्य होऊ शकतं. गाठ विरघळते, किडनी पुन्हा चालू होते किंवा केमोची गरज उरत नाही, असं म्हणायला कसलाही आधार नाही.

हा मुद्दा ठासून सांगायला हवा, कारण 'हसलात तर बरे व्हाल' या वाक्याची दुसरी बाजू क्रूर आहे. पेशंट बरा झाला नाही, तर तो पुरेसा हसला नाही, पुरेसा पॉझिटिव्ह राहिला नाही, असं त्या वाक्यातून आपोआप निघतं. आजाराचं ओझं आहेच, त्यावर हे आणखी एक.

जोक सांगता येत नसेल तर?

तर काहीच बिघडत नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाने मॉल, रस्ते, कॉलेजं अशा ठिकाणी माणसं नेमकी कशावर हसतात याच्या सुमारे १,२०० नोंदी घेतल्या. ज्याला विनोद म्हणता येईल अशा वाक्यावर माणसं हसली, असे प्रसंग वीस टक्क्यांच्याही आत होते. बाकीचं हसू 'अरे, तू इथे कसा?' असल्या साध्या वाक्यांवर आलेलं. एकटा माणूस जितका हसतो त्याच्या कितीतरी पट जास्त तो चारचौघांत हसतो, हेही त्यांनी दाखवलं. थोडक्यात, हसू पंचलाइनपेक्षा सोबतीतून जास्त येतं.

मुंबईच्या लोखंडवाला भागात १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला होता. सुरुवातीला रोज सकाळी जोक सांगायचे. दोनेक आठवड्यांत बरे जोक संपले, उरले ते चावट आणि कुणाला तरी लागणारे. मग जोकच बंद करून नुसतं एकत्र हसायचा व्यायाम सुरू झाला आणि तोच पुढे जगभर गेला.

घरात तर व्यायामाचीही गरज नसते. आजारपण स्वतःच इतकं साहित्य पुरवतं की ते पुरून उरतं. सगळ्यात मोठा साठा भेटायला येणाऱ्यांचा. एकाच संध्याकाळी सातजण सात शहाळी घेऊन येतात आणि पेशंटला नेमकं पोटॅशियम वर्ज्य असल्याने ती सगळी शहाळी घरच्यांना संपवावी लागतात. कुणाच्या तरी साडूच्या मेहुण्याला कुठल्या तरी गावच्या पुडीने गुण आलेला असतो. 'विश्रांती घ्या' असं सांगायला आलेली माणसं दोन तास हलत नाहीत. आणि आपल्या ओळखीतल्या कोणाला अगदी हाच आजार झाला होता, हे उत्साहाने सुरू करून 'पुढे काय झालं?' विचारल्यावर विषय बदलणारा एक नातेवाईक प्रत्येक कुटुंबात असतोच.

पाहुणे गेल्यावर दार लावून घरच्यांनी त्यांची नक्कल केली, तर तो उद्धटपणा ठरत नाही. दिवसभर सगळ्यांचे सल्ले मान डोलावून ऐकणाऱ्या पेशंटला त्या वेळी पहिल्यांदा 'आपल्या बाजूला' कुणीतरी आहे असं वाटतं.

दुसरा साठा यंत्रणेचा. एकाच खिडकीवर तीन वेळा मागितलेली तीच झेरॉक्स, विम्याचा फॉर्म, 'पेशंट स्वतः हजर हवा' असं सांगणारा फोन. अमेरिकन कॉमेडियन टिग नोटारो यांनी ऑगस्ट २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका क्लबमध्ये स्तनांच्या कॅन्सरचं निदान झाल्यावर काही दिवसांतच त्याच विषयावर कार्यक्रम केला. त्यातला एक भाग त्यांच्या आईबद्दल होता. आई काही महिन्यांपूर्वीच गेली होती आणि त्यानंतर हॉस्पिटलकडून तिच्या नावाने एक प्रश्नावली आली : आमच्याकडचं तुमचं वास्तव्य कसं वाटलं? प्रेक्षक हसले ते मृत्यूवर नाही, तर ते पत्र पाठवणाऱ्या यंत्रणेवर. घरातही हे लक्ष्य बरंच सुरक्षित असतं, कारण खिडकीपलीकडच्या कारभारावर हसल्याने घरातलं कुणी दुखावत नाही.

आजाराचं नावच घेतलं नाही तर हसणार कशावर?

इथे आपल्याकडची खरी अडचण येते. अनेक घरांत पेशंट सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं. निदान कळल्यावर मुलगा किंवा जावई डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतो, 'त्यांना काही सांगू नका, खचून जातील.' मग केमोला 'सलाईन' म्हटलं जातं आणि कॅन्सरला 'गाठ' किंवा नुसतं 'ते'. टाटा मेमोरियलचं नाव वाचता येणाऱ्या माणसालाही 'साधं चेकिंग आहे' म्हणून तिथे नेलं जातं. पॅलिएटिव्ह केअरमधले, म्हणजे आजार बरा होवो न होवो पेशंटचा त्रास कमी करणारे डॉक्टर या गुपिताला 'कॉल्युजन' म्हणतात.

हेतू प्रेमाचाच असतो. पण अशा घरात विनोद करायलाही जागा उरत नाही. ज्या गोष्टीचं नाव घ्यायचं नाही, तिच्यावर हसणार कसं? उलट प्रत्येक वाक्य तपासून बोलावं लागतं. पेशंटला बहुतेक वेळा अंदाज आलेला असतोच. मग तोही घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून माहीत नसल्याचं सोंग आणतो. एकाच खोलीत बसून सगळे एकमेकांना सांभाळत राहतात आणि कुणीच कुणाशी बोलत नाही.

हृषिकेश मुखर्जींचा 'आनंद' (१९७१) सगळ्यांना आठवतो तो राजेश खन्नाच्या हसऱ्या चेहऱ्यासाठी. पण त्यातला आनंद हसू शकतो, कारण त्याला आपला आजार नावानिशी माहीत आहे. लिम्फोसारकोमा ऑफ द इंटेस्टाइन हे लांबलचक नाव ऐकून, हे तर एखाद्या व्हाइसरॉयचं नाव वाटतं, अशी तो डॉक्टरांसमोरच खिल्ली उडवतो. त्या सिनेमात रमेश देव आणि सीमा देव यांनी साकारलेलं कुलकर्णी दांपत्य आहे. त्यांच्यासमोर आनंदला काही लपवावं लागत नाही, म्हणूनच त्या घरात तो इतका मोकळा वावरतो.

याच्या अगदी उलट टोकाचा सिनेमा म्हणजे लुलू वांग यांचा 'द फेअरवेल' (२०१९). त्यांची आजी चीनमधल्या चांगचुन शहरात राहायची. तिला फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचं कळलं आणि कुटुंबाने ते तिच्यापासून लपवायचं ठरवलं. देशोदेशी पांगलेल्या सगळ्यांना तिला एकदा भेटता यावं म्हणून नातवाच्या लग्नाचा घाट घातला. वांग यांच्या स्वतःच्या घरात घडलेली ही गोष्ट आहे. सिनेमा विनोदी आहे, पण त्यातलं हसू फक्त प्रेक्षकांच्या वाट्याला येतं. पडद्यावरची माणसं आजीसमोर हसायचा अभिनय करत असतात आणि बाहेर जाऊन डोळे पुसत असतात. गंमत म्हणजे त्याच आजीनेही आपल्या नवऱ्याच्या बाबतीत हेच केलेलं असतं. आणि सिनेमा आला तेव्हा खरी आजी हयात होती. चीनच्या जागी कोल्हापूर किंवा नागपूर घातलं तरी पटकथेत फार बदल करावा लागणार नाही.

मग पेशंटला सगळं एकदम सांगून टाकायचं का? तसंही नाही. याचं एक चांगलं उत्तर ज्यांनी दिलं ते डॉक्टर योगायोगाने कॉमेडियनही होते.

वाईट बातमी कशी सांगायची हे शिकवणारा विनोदी डॉक्टर

रॉबर्ट बकमन मूळचे लंडनचे. डॉक्टरकी करता करता ते सत्तरच्या दशकात ब्रिटिश टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लिहायचे, सादर करायचे. १९७९ मध्ये, वयाच्या तिशीत, त्यांना डर्मॅटोमायोसायटिस झाला. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर आणि त्वचेवर उलटते, असा हा आजार. तब्येत इतकी ढासळली की जगतील की नाही याची शंका होती. त्या काळात त्यांनी स्वतःच्या आजारपणावरच टीव्हीसाठी माहितीपट केला. पुढे ते कॅनडात गेले, कॅन्सरतज्ज्ञ म्हणून काम करत राहिले आणि १९८८ मध्ये त्यांनी आजारी माणसाच्या घरच्यांसाठी पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ 'काय बोलावं ते मला कळत नाही'. २०११ मध्ये लंडनहून टोरांटोला परतताना विमानातच त्यांचं निधन झालं.

बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची 'स्पाइक्स' नावाची पद्धत मांडली. आज जगभरच्या मेडिकल कॉलेजांत ती शिकवतात. त्यातल्या दोन पायऱ्या घरच्यांनाही वापरता येण्यासारख्या आहेत. काही सांगण्याआधी पेशंटला विचारायचं, 'तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?' आणि मग, 'आणखी किती जाणून घ्यायला आवडेल?' काही जण सगळं विचारतात, काही जण 'डॉक्टर आणि मुलं बघतील' म्हणतात. दोन्ही उत्तरं चालतात, कारण दोन्ही पेशंटची स्वतःची आहेत.

विनोदाचंही असंच असतं. एकदा पेशंटने स्वतः आजाराचं नाव घेतलं, स्वतः त्यावर काही टिप्पणी केली की घरच्यांना तिथवर जायची परवानगी मिळते. ब्रिटन-अमेरिकेत आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर पिशवी लावावी लागलेले कितीतरी जण त्या स्टोमाला चक्क नाव ठेवतात. मग तो चुकीच्या वेळी आवाज करायला लागला की नावाने त्याची तक्रार करता येते. ज्याबद्दल बोलायचीही लाज वाटत होती, त्याच्यावर घरातलं सहा वर्षांचं पोरही सहज बोलू लागतं. मात्र ते नाव पेशंटनेच ठेवायचं असतं. केमोने गेलेल्या केसांबद्दल 'शाम्पूचा खर्च वाचला' हे वाक्य ज्याचे केस गेले त्याने म्हटलं तर सगळ्यांना मोकळं करतं. तेच वाक्य दिराने पहिल्यांदा म्हटलं तर रात्रभर सलतं.

'असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते'

मराठी घरात हे वाक्य कितीदा तरी ऐकू येतं. आजारी माणूस सहज म्हणावं तसं म्हणतो, 'मी गेल्यावर माझा मोबाईल कुणाला रे? लॉक मात्र कुणालाच माहीत नाही.' लगेच बायको म्हणते, 'शुभ बोल रे नाऱ्या! काहीतरी काय बोलता.' मुलगी डोळ्यांत पाणी आणून 'बाबा, प्लीज' म्हणते. विषय संपतो.

वरवर बघता एक बेचव विनोद थांबवला गेला. प्रत्यक्षात बरेचदा तो विनोद नसतोच, चाचपणी असते. मृत्यूबद्दल थेट बोलायला जड जातं, म्हणून माणूस ते हसत हसत टेबलावर ठेवून बघतो. समोरचे दचकले तर 'अगं, गंमत केली' म्हणून परत उचलता येतं. दोन-तीनदा परत उचलावं लागलं की तो पुन्हा ठेवत नाही.

आणि त्या मोबाईलच्या लॉकमागे बरंच काही असतं. कुठल्या बँकेत काय आहे, नॉमिनी कोण, कुणाचे पैसे द्यायचे राहिलेत, गावच्या घराचं काय करायचं. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे शेवटी व्हेंटिलेटर हवा की नको, हॉस्पिटलात राहायचं की घरी. आपल्याला कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये मान्य केला. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी झाली. आता त्या कागदावर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करता येते. पण हा कायदा वापरायचा तर आधी घरात तो विषय निघावा लागतो. तो न निघाल्यामुळे आयसीयूच्या दाराबाहेर तीन भावंडं 'बाबांना काय हवं होतं' यावर भांडतात, तेव्हा त्या मोबाईलच्या विनोदाची किंमत कळते.

त्या क्षणी करायचं फार नसतं. हसू आलं तर हसायचं आणि मग विचारायचं : 'लॉक सांगून ठेवा ना मग. आणखी काय डोक्यात आहे?' एवढ्यावर कधी कधी तासभर बोलणं होतं. कधी 'काही नाही' एवढंच उत्तर येतं. तेही चालतं, कारण दार उघडं असल्याचं त्यांना कळलेलं असतं.

सतत हसवणारा पेशंट

रॉड मार्टिन या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत २००३ मध्ये विनोदाच्या सवयी मोजणारी ३२ वाक्यांची प्रश्नावली तयार केली. त्यात विनोदाचे चार प्रकार आहेत. माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच कमी लेखणारा. पहिले दोन सर्वसाधारणपणे मनाच्या चांगल्या तब्येतीसोबत दिसतात, शेवटचा नैराश्य आणि चिंतेसोबत.

आजारपणात हा चौथा प्रकार ओळखायला अवघड असतो, कारण तो सगळ्यांना आवडतो. 'मामा इतक्या दुखण्यातही किती हसवतात' याचं कौतुक होतं. पण तेच मामा डॉक्टरांनी 'दुखतंय का?' विचारल्यावरही विनोदच करत असतील आणि त्यामुळे वेदनेचं औषध कमी मिळत असेल, तर तो विनोद त्यांना महागात पडतोय. 'मी म्हणजे आता तुमच्या गळ्यातलं लोढणं' हे वाक्य हसत म्हटलं तरी ते तक्रारीसारखंच ऐकायला हवं. रात्री झोप नाही, जेवणावरची वासना गेली आणि दिवसा मात्र अखंड कोट्या सुरू असतील, तर हे डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

काळजी घेणाऱ्यांचं हसू मात्र वेगळं आणि बरेचदा जास्त काळं असतं. रात्री तीन वाजता चादर बदलून झाल्यावर दोन बहिणी स्वयंपाकघरात चहा पिताना जे बोलतात, ते पेशंटच्या कानावर गेलं तर भयंकर वाटेल. नर्स, वॉर्डबॉय, अँब्युलन्सचे ड्रायव्हर यांच्यातही असा विनोद चालतो. थकलेल्या माणसांची ती वाफ आहे, ती निघायलाच हवी. फक्त स्वयंपाकघराचं दार लावलेलं असावं आणि त्यात सगळ्यात जास्त राबणाऱ्या माणसाची टिंगल नसावी. आपल्या घरांत ते माणूस बहुतेकदा सून किंवा मुलगी असतं, हेही ओघाने आलंच.

डिमेन्शिया आणि रीलचा प्रश्न

डिमेन्शियात हसणं आणि हसण्यावारी नेणं यातलं अंतर फार कमी असतं. आजी पाचव्यांदा 'जेवलास का?' विचारते. पाचव्यांदा 'सांगितलं ना!' म्हणून ओरडण्यापेक्षा 'जेवलो, पण तू वाढणार असशील तर परत बसतो' म्हणणं तिलाही बरं वाटतं आणि नातवालाही. ती चुकली हे सिद्ध करण्यात कुणाचाच फायदा नसतो.

ऑस्ट्रेलियात सिडनीमधल्या ३५ वृद्धाश्रमांत याचा पद्धतशीर अभ्यास झाला. 'स्माइल' नावाच्या या प्रकल्पात वृद्धांसाठी खास प्रशिक्षण घेतलेले विदूषक नेमले, कर्मचाऱ्यांमधूनच काही 'लाफ्टर बॉस' तयार केले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. नैराश्यात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र चिडचिड, येरझाऱ्या, आरडाओरडा असा अस्वस्थपणा कमी झाला. डिमेन्शियाच्या पेशंटसोबत राहणाऱ्या कुणालाही विचारा, हा निकाल छोटा नाही.

पण आजीने नवऱ्याच्या फोटोला चहा विचारला, याचा रील करून टाकणं ही निराळी गोष्ट आहे. घरातल्यांचं त्या क्षणी आलेलं हसू प्रेमाचं असेल. दोन लाख अनोळखी लोकांचं तसंच असेल याची खात्री नाही. मुख्य म्हणजे हो किंवा नाही म्हणण्याची तिची क्षमताच आता राहिलेली नाही. ती धडधाकट असताना विस्कटलेल्या केसांनी फोटो काढू देत होती का, एवढं आठवलं तरी अपलोड करायचं की नाही हे ठरवता येईल.

हसू जेव्हा लक्षण असतं

अर्धांगवायू, मोटर न्यूरॉन डिसीज, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा आजारांत कधी कधी पेशंट कारण नसताना हसत सुटतो किंवा रडू लागतो आणि त्याला ते थांबवता येत नाही. याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. भावना आवरणारी मेंदूतली यंत्रणा बिघडल्याने हे होतं. मयताच्या घरी काका हसले म्हणून आयुष्यभराचा अबोला धरण्याआधी हे माहीत असलेलं बरं. यावर औषधं आहेत, न्यूरॉलॉजिस्टना सांगायला हवं.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या प्रकारात विनोदाची जातच बदलते. आयुष्यभर मिश्कील असलेला माणूस दुसऱ्याच्या दुःखावर किंवा भलत्याच वेळी हसू लागतो. लंडनमधल्या संशोधकांना असं आढळलं की इतर लक्षणं दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी घरच्यांना हा बदल जाणवलेला होता.

आणि एक साधी गोष्ट. पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालेल्या माणसाला हसताना टाके दुखतात. उशी पोटाशी घट्ट धरून हसायला सांगितलं की त्रास कमी होतो. दमा असलेल्यांना जोरात हसल्यावर धाप लागू शकते. 'आता हसवू नका रे' असं पेशंटने म्हटलं तर ते खरंच ऐकायचं असतं.

लहान मुलं घरात असतील तर

मुलांना घरातलं गुपित सगळ्यात लवकर कळतं आणि सगळ्यात कमी सांगितलं जातं. अमेरिकन कॉमेडियन गिल्डा रॅडनर यांचं १९८९ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरने निधन झालं. त्यांच्या नावाने १९९५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'गिल्डाज क्लब' सुरू झाला. त्यांचे पती, अभिनेते जीन वाइल्डर हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. कॅन्सर झालेल्यांइतकंच त्यांच्या घरच्यांनाही तिथे यायला मिळतं आणि मुलांसाठी 'नूगीलँड' नावाची खेळायची वेगळी जागा आहे. आईला कॅन्सर असलेल्या मुलाला तिथे दंगा करायला कुणाची परवानगी लागत नाही.

हॉस्पिटलात विदूषक नेण्याची पद्धतही न्यूयॉर्कमध्येच रुजली. १९८६ मध्ये बिग अॅपल सर्कसच्या मायकल क्रिस्टेन्सन यांनी डॉक्टरांची नक्कल करणारे विदूषक मुलांच्या वॉर्डात पाठवायला सुरुवात केली. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०२० मध्ये अशा २४ चाचण्यांचा आढावा छापला. ऑपरेशन किंवा सुया टोचण्याआधी मुलांची भीती कमी करायला विदूषकांची मदत होते, असं त्यात दिसलं. हे विदूषक एक नियम कटाक्षाने पाळतात. खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करून मुलाला विचारायचं, 'आत येऊ का?' दिवसभर कुणीही येऊन सुई टोचून जातं अशा जागी 'नाही' म्हणता येईल असा तो एकमेव माणूस असतो. 'नाही' आलं की विदूषक दारातूनच निघून जातो.

घरातही असे 'नाही'चे दिवस येतात. केमोनंतरचे दोन-तीन दिवस, स्कॅनचा रिपोर्ट यायच्या आदली रात्र, वेदना वाढलेली पहाट. तेव्हा टीव्हीचा आवाज पुन्हा बारीक होतो आणि तो तसाच राहू द्यायचा असतो.

आणि शेवटी ज्या घरांतून माणूस जातो, तिथेही पाच-सहा दिवसांनी, सुतकात जमलेल्या माणसांत कुणीतरी दबक्या आवाजात सुरू करतं, 'आठवतं का, नर्सला त्या दिवशी काय म्हणाल्या होत्या?' आधी एकजण हसतो, मग दुसरा. थोरली माणसं क्षणभर इकडे तिकडे बघतात. मग त्यांनाही एक किस्सा आठवतो.